खेळाडू विद्यार्थ्यांचा परतीचा प्रवास

नागपूर विभागाच्या शालेय स्पर्धा मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात असल्या, की गडचिरोलीच्या संघाला सुमारे १७० किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. सामना सकाळचा असेल तर बस पहाटे ४ वाजता निघते. अंतिम सामना लांबला, तर परतावयास रात्रीचे ११ वाजतात. मुले वाटेत झोपतात. चालकास ती मुभा नसते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार त्याचे काम सामान्यतः ८ तासांचे आणि विश्रांती धरून १२ तासांच्या आत संपणारे असावयास हवे होते. मैदानाबाहेर गाडीत बसून काढलेली दुपार ही विश्रांती नव्हे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हिंगणा परिसरातील घाटात सहलीस निघालेली शाळेची बस उलटून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला.

राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. सामन्यांचे वेळापत्रकही तिच्यापुढे ठेवावे. १२ तासांत परतणे शक्य नसल्यास दुसरा चालक घ्यावयाचा की नागपुरात मुक्काम करावयाचा, हे पालकांची संमती घेतानाच ठरवावे. सामना जिंकल्यावर मैदानात उभे राहून विचारले, तर ‘निघूया’ असेच सारे म्हणतील.