एकमेकींचा जामीन

लालबाग, परळ, वरळी, शिवडी या भागाला गिरणगाव म्हणत. येथे गिरण्यांचे भोंगे वाजत. कोकणातून आणि घाटावरून गरीब माणसे पोटासाठी येथे येत. बायकामुले गावी, आणि घरचा कर्ता मुंबईला. एका खोलीत दहा-पंधरा गडी राहत. त्यांना जेवू कोण घालणार? खानावळवाली!

ही बाईही बहुधा गावाकडचीच. कोणी विधवा, तर कोणाचा नवरा काम सुटून घरी बसलेला. पहाटे उठून ती चूल पेटवी आणि दोन्ही वेळचे जेवण रांधी. पैसे मात्र गड्यांचा पगार झाला की मिळायचे. तोवर वाण्याकडे उधारी. उधारी वाढली की सावकार. मग डोरले गहाण पडे. बाई दिवसभर राबे, पण कर्ज काही फिटत नसे.

आता आपण एक हिशेब करू. समजा, सावकार शंभर रुपयांवर महिन्याला दहा रुपये व्याज घेतो. वर्षाचे झाले १२० रुपये. मुद्दल तसेच, आणि व्याज त्याहून मोठे! सरकारने १९७२ साली गरिबांसाठी बँकेच्या कर्जाची एक योजना काढली. तिचे व्याज शंभराला वर्षाकाठी ४ रुपये. फरक तुम्हीच पाहा.

मग बाई बँकेत का जात नसे? बँक विचारी, तारण काय? जामीन कोण? सही येते का? एकटी बाई काय उत्तर देणार? ती पायरीवरूनच मागे फिरे.

प्रेमा पुरव या कामगार चळवळीत काम करीत. गोव्याच्या मुक्तिलढ्यातही त्या होत्या. त्यांनी खानावळवाल्यांना एकत्र केले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. सुरुवात अवघ्या १४ बायकांपासून झाली. बायका एकमेकींना जामीन राहिल्या. तारणाला दागिना नव्हता, पण शेजारणीचा शब्द होता. एकीने हप्ता चुकवला, तर साऱ्यांची पत जाणार. म्हणून एक दुसरीला आठवण करी, अडली तर मदत करी. बँकेचे कर्ज मिळू लागले.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. पुष्कळ कामगार गावी परतले. मग खानावळीत जेवणार कोण? पण आता बाई एकटी नव्हती. मंडळाने दादरला स्वयंपाकघर चालवले, आणि बायकांच्या हाताला काम राहिले.

आपल्या गावालाही हेच लागू पडते. समाजविकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली. १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने तिची पाहणी केली. लोकांचा सहभाग कमी पडतो, कारभार लोकांनी निवडलेल्या पंचायतींकडे द्या, असे समितीने सांगितले. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. आज ग्रामसभेला कायद्याचा आधार आहे. तिच्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असाही नियम आहे. पण सभेला आपण गेलोच नाही, तर आपल्या वस्तीच्या नळाची गोष्ट कोण काढणार? एकट्याला बोलायचा धीर होत नसेल, तर पाच जणांनी मिळून जावे. आणि कागद वाचल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा करू नये. त्यासाठीच आपण ही अक्षरे गिरवतो आहोत.

प्रश्न
१. खानावळवालीला बँक कर्ज का देत नसे?
२. २०० रुपयांवर शंभराला ४ रुपये दराने वर्षाचे व्याज किती?
३. तुमच्या वस्तीतले कोणते काम पाच जणांनी मिळून मागता येईल? ते पाटीवर लिहा.