टायमिंग बेल्ट घरी कसा बदलावा?



आपल्यापैकी कित्येकांच्या दारात जुनी मारुती 800 किंवा ओम्नी अजून उभी आहे. वाडीपाड्यांवर फिरायला मीही ओम्नीच वापरतो. तेल, हवा, ब्रेक आपण पाहतो; पण इंजिनाच्या झाकणाआडच्या एका दातेरी रबरी पट्ट्याची आठवण फार थोड्यांना असते. हा टायमिंग बेल्ट मी माझ्या अंगणात बदलतो. ती रीत या पाठात सांगतो.

बेल्टचे काम काय?

इंजिनात खाली क्रँक शाफ्ट असतो. तो पिस्टन वरखाली करतो. वरचा कॅम शाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच फेरा व्हायला हवा. हा मेळ बेल्टचे दाते राखतात. बेल्ट तुटला तर इंजिन जागीच बंद पडते. काही इंजिनांत उघडा राहिलेला व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतो, मग हेड उतरवण्याचा मोठा खर्च येतो.

बेल्ट बहुधा आवाज करत नाही, सूचना देत नाही. पावसात, घाटात, गाडीत रुग्ण असताना तो तुटला तर काय होईल, याचा विचार आधी करावा. म्हणून तुटण्याची वाट न पाहता हिशेबाने बदलावा.

केव्हा बदलावा?

आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण मानावा. पुष्कळ गाड्यांत तो 60,000 ते 1,00,000 किलोमीटरच्या दरम्यान असतो. गाडी कमी चालली तरी रबर वयाने कडक होते, म्हणून वर्षेही मोजावीत. तडे, झिजलेले दाते किंवा तेलाचा ओलावा दिसला तर थांबू नये. जुनी गाडी घेतली आणि आधीची नोंद मिळाली नाही, तर बेल्ट बदललेला नाही असेच समजावे. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत मात्र बेल्टऐवजी चेन असते. त्यांना हा पाठ लागू नाही.

तयारी

नवा बेल्ट, जमल्यास नवा टेन्शनर, सॉकेट पाने, टॉर्क रेंच, पांढरा रंग आणि आपल्याच इंजिनाचे मॅन्युअल जवळ ठेवावे. इंजिन पूर्ण थंड असावे. गाडी सपाट जागी लावून चाकांना दगड लावावेत. खाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. पक्क्या स्टँडवर गाडी टेकवावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढावी.

कृती

1. स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी.

2. आल्टरनेटरचा बेल्ट, क्रँकची पुली आणि पुढचे झाकण काढावे. कुठला बोल्ट कुठला, हे कागदावर लिहावे.

3. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावे. क्रँक आणि कॅमच्या खुणा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी आल्या की थांबावे. खुणांवर रंगाचा ठिपका द्यावा. मोबाइलवर फोटो काढावा.

4. टेन्शनर सैल करून जुना बेल्ट काढावा. यानंतर क्रँक किंवा कॅम एकटाच फिरवू नये.

5. क्रँक आणि कॅमच्या सीलमधून तेल गळत असेल तर सील आताच बदलावे. तेलाने नवा बेल्टही खराब होतो. टेन्शनरची बेअरिंग हाताने फिरवून खरखर ऐकावी. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर तोही तपासावा.

6. नवा बेल्ट मुडपू नये, पिळू नये, पेचकसाने ओढून बसवू नये. टेन्शनरच्या विरुद्ध बाजूस जरासुद्धा ढिला राहू देऊ नये. मग मॅन्युअलप्रमाणे ताण द्यावा.

7. आता क्रँक हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. एक दाताही पुढेमागे असेल तर बेल्ट काढून पुन्हा बसवावा. फिरवताना मध्येच कडक अडथळा आला तर जोर लावू नये.

सातवी पायरी या कामाचा प्राण आहे. हाताने फिरवताना चूक सापडली तर अर्धा तास जातो. सेल्फ मारल्यावर सापडली तर इंजिन जाऊ शकते. अंधार पडत आला असेल तर काम तसेच ठेवून सकाळी तपासावे. खुणा जुळल्यावरच झाकण, पुली, प्लग आणि बॅटरी जोडावी. बोल्ट टॉर्क रेंचने सांगितल्याइतकेच आवळावेत.

घरी केव्हा करू नये?

मॅन्युअल नसेल, खुणा सापडत नसतील किंवा इंजिनाला खास टूल लागत असेल, तर जाणकार मेकॅनिककडे जावे. तेव्हाही हा पाठ उपयोगी पडेल: सील पाहिले का, दोन फेरे हाताने फिरवले का, हे विचारता येईल.

घरचा अभ्यास

आज गाडीची सर्व्हिसची वही काढा. बेल्ट शेवटचा किती किलोमीटरवर आणि कोणत्या वर्षी बदलला, ते शोधा. काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर चिठ्ठीवर लिहून झाकणावर चिकटवा. पुढे ती गाडी ज्याच्या हाती जाईल, त्यालाही ती चिठ्ठी उपयोगी पडेल.