सैन्य परत आणण्याची तारीख कोणीं ठरवावी?

तिजोरीच्या किल्ल्या लोकप्रतिनिधींच्या हातीं असतात, असें एक वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत असतें. विद्यार्थी तें पाठ करितात, उत्तरपत्रिकेंत लिहितात व गुणही मिळवितात. परंतु युद्ध चालू असतां या किल्ल्या प्रत्यक्ष फिरवूं गेल्यास काय होतें, हें पुस्तकांत क्वचितच आढळतें. तें समजून घेण्यासाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७० सालीं व पुन्हां २००७ सालीं झालेल्या वादाकडे पाहावें. परदेशांत लढत असलेलें सैन्य अमुक तारखेपर्यंत परत आणावें, असें कायदेमंडळानें ठरवावें कीं नाहीं, हाच प्रश्न दोन्ही वेळां होता.

प्रथम त्या देशाच्या घटनेची मांडणी ध्यानांत घेऊं. युद्ध पुकारणें व त्यासाठीं पैसा मंजूर करणें हे अधिकार काँग्रेसचे, म्हणजे प्रतिनिधिगृह व सीनेट या दोन सभागृहांचे. सेनापतिपद मात्र राष्ट्राध्यक्षाचें. तलवार व थैली एकाच हातीं असूं नये, हा घटनाकारांचा हेतु. पण एकदां सुरू झालेलें युद्ध कोणीं व केव्हां आटोपावें, याचें स्पष्ट कलम घटनेंत नाहीं. आणि सारा वाद या मोकळ्या जागेंतच उगवतो.

व्हिएतनामच्या युद्धांत सीनेटर मॅकगव्हर्न व सीनेटर हॅटफील्ड यांनीं एक दुरुस्ती मांडिली. ३१ डिसेंबर १९७१ पर्यंत सर्व अमेरिकन सैन्य तेथून परत यावें, असा तिचा आशय होता. हे दोघे कांहीं घाबरट गृहस्थ नव्हते. मॅकगव्हर्न यांनीं दुसऱ्या महायुद्धांत बाँबफेकी विमान चालविलें होतें. हॅटफील्ड आरमारांत होते व बाँब पडल्यानंतरचें हिरोशिमा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. शिवाय ते परस्परविरोधी पक्षांचे. मतदानापूर्वीं मॅकगव्हर्न यांनीं आपल्याच सभागृहास सुनावलें कीं, या तरुणांच्या मृत्यूचा वांटा येथील प्रत्येक सभासदाकडे जातो. १ सप्टेंबर १९७० रोजीं मतें मोजलीं गेलीं: अनुकूल ३९, प्रतिकूल ५५. पुढें १५ ऑगस्ट १९७३ पासून तेथील लढाईसाठीं पैसा देण्याचें काँग्रेसनें खरोखरच बंद केलें. पण अमेरिकेचे लढाऊ शिपाई त्याच वर्षीं मार्चमध्येंच परतले होते. तिजोरीस कुलूप लागलें तें माणसें बाहेर पडल्यावर!

आतां इराककडे वळूं. हा देश, त्याच्या मेसोपोटेमिया या जुन्या नांवानें, आपल्याकडील घराण्यांस अगदींच परका नाहीं. १९१६ सालीं कूट येथें शरण जावें लागलेल्या फौजेंत ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई होते. त्यांस परत केव्हां आणणार, हें ठरविण्याचा अधिकार हिंदुस्थानांतील कोणत्याही सभेस नव्हता. हें मनांत ठेविलें म्हणजे पुढील मतांच्या आकड्यांची किंमत नीट कळेल.

ऑक्टोबर २००२ मध्यें काँग्रेसनें राष्ट्राध्यक्ष बुश यांस इराकविरुद्ध सैन्य वापरण्याची परवानगी दिली. सीनेटमध्यें ७७ विरुद्ध २३ मतें पडलीं. या परवानगीस शेवटची तारीख नव्हती. मार्च २००३ मध्यें युद्ध सुरू झालें. चार वर्षांत तीन हजारांहून अधिक अमेरिकन शिपाई मेले, व इराकी लोक त्याहून किती तरी पटींनीं. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकींत दोन्ही सभागृहें डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलीं; तरी जानेवारींत बुश यांनीं आणखी वीस हजारांवर सैन्य पाठविण्याचें जाहीर केलें.

तेव्हां काँग्रेसनें किल्ली हातीं घेतली. सुमारें १२,४०० कोटी डॉलरांच्या खर्चाच्या बिलांतच अट घातली कीं, सैन्याची माघार १ ऑक्टोबर २००७ च्या आंत सुरू व्हावी आणि १८० दिवसांत ती पुरी करण्याचें ध्येय असावें. (मतें जुळविण्यासाठीं प्रतिनिधिगृहाच्या मूळ मसुद्यांत पालकाच्या भाजीची लागवड करणाऱ्यांस अडीच कोटी डॉलर देण्याचें कलमही होतें. युद्ध आणि भाजी एकाच बिलांत! लोकशाहीची ही बाजूही विद्यार्थ्यांनीं पाहून ठेवावी.)

विरोधकांचें म्हणणें हलकें नव्हतें. तारीख सांगितली कीं शत्रु ती लिहून ठेवील व दबा धरून बसेल. जे इराकी आपल्या भरंवशावर पुढें आले त्यांचें काय होणार. आणि रणांगणावरील निर्णय दूर राजधानींत बसून कां घ्यावा? अनुकूल पक्ष म्हणे कीं, तारीख नसेल तर इराकी पुढारी आपसांतील तंटे मिटविण्याची निकड मानणार नाहींत, आणि "काम पुरें झाल्यावर" या शब्दांस अंत नाहीं. याखेरीज कुसिनिच यांच्यासारखे सभासद होते, ते युद्धाचे कडवे विरोधक. तरी मार्चमध्यें त्यांनीं बिलाविरुद्ध मत दिलें. कारण तारीख मिळाली तरी पैसा युद्धासच जात होता.

माझ्या मतें गांठ येथेंच आहे. थैली बंद करावी तर ती प्रथम शिपायाच्या अंगावर बंद होते, असें भासतें. उघडी ठेवावी तर युद्ध चालूच राहतें. म्हणून प्रत्येक सभासद "मी सैनिकांच्या बाजूनें आहें" असेंच म्हणे, मग मत कोणतेंही असो.

२५ एप्रिल रोजीं प्रतिनिधिगृहानें २१८ विरुद्ध २०८ मतांनीं, व दुसऱ्या दिवशीं सीनेटनें ५१ विरुद्ध ४६ मतांनीं बिल मंजूर केलें. १ मे रोजीं बुश यांनीं तें नाकारलें. नकाराची सही त्यांनीं ज्या लेखणीनें केली ती इराकांत पडलेल्या एका शिपायाच्या पित्यानें त्यांस दिली होती. दोन वर्षांपूर्वीं अशाच एका शिपायाची माता, सैन्य परत आणा म्हणून त्यांच्या टेक्ससमधील घराजवळ तळ देऊन बसली होती. पुत्र गमावलेलीं माणसें वादाच्या दोन्ही तीरांवर होतीं. कोणत्याही एका पक्षानें त्यांच्या नांवानें बोलावें, असें मला वाटत नाहीं.

नकार मोडण्यास दोनतृतीयांश मतें लागतात. २ मे रोजीं २२२ मिळालीं, २०३ विरुद्ध गेलीं. ६२ कमी पडलीं. महिनाअखेर तारखेवांचूनच पैसा मंजूर झाला.

परंतु तारीख कांहीं गेली नाहीं. १७ नोव्हेंबर २००८ रोजीं बुश यांच्याच सरकारनें इराकशीं करार केला, त्यांत ३१ डिसेंबर २०११ ही मुदत लिहिली होती. ती मुख्यतः इराकी सरकारनें आग्रहानें मागून घेतली, व त्यांच्या कायदेमंडळानें मतास घालून मान्य केली. १८ डिसेंबर २०११ रोजीं शेवटची अमेरिकन तुकडी सरहद्द ओलांडून कुवेतमध्यें गेली.

जून २०१४ मध्यें मोसूल शहर बंडखोरांच्या हातीं पडलें, आणि अमेरिकन सैन्य पुन्हां इराकांत उतरलें. त्या वेळीं काँग्रेसची नवी परवानगी घेण्यांत आली नाहीं. जुनेच ठराव पुढें करण्यांत आले. त्यांत २००२ सालचा, शेवटची तारीख नसलेला, तोही होता.