शक्तिविवर्धकाचा बायस-प्रवाह आणि दिल्लीचे हवामान

ध्वनिक्षेपकास लागणारी शक्ती पुरविणाऱ्या उपकरणास शक्तिविवर्धक म्हणतात. त्याच्या अंतिम टप्प्यात बहुधा दोन ट्रांझिस्टरांची जोडी असते. ध्वनिलहरीचा धन अर्धभाग एक ट्रांझिस्टर वाहतो, ऋण अर्धभाग दुसरा. परंतु पाया व उत्सर्जक यांमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट दाब मिळेपर्यंत सिलिकॉनचा ट्रांझिस्टर पुरेसा प्रवाह वाहू देत नाही. त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याकडे जाण्याच्या क्षणी दोघेही स्तब्ध राहतात व लहरीत खंड पडतो. मोठ्या आवाजात हा दोष झाकला जातो. तंबोऱ्याच्या मंद झंकारात मात्र तो कानास बोचतो. तो टाळण्यासाठी, संकेत नसतानाही या जोडीतून जो अल्प प्रवाह सतत वाहता ठेवतात, तोच बायस-प्रवाह होय.

हा प्रवाह वाढवून ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. उगमदाब दोन्ही बाजूंस ३५ व्होल्ट व प्रवाह १०० मिलिअँपिअर असल्यास, काहीही वाजत नसताना या जोडीत ७ वॅट उष्णता निर्माण होते. शिवाय तापमान एका अंशाने वाढले की तोच प्रवाह वाहण्यास लागणारा दाब सुमारे २ मिलिव्होल्टांनी घटतो. दाब स्थिर ठेवल्यास उष्णतेने प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता वाढते, आणि अखेरीस ट्रांझिस्टर जळतो.

दिल्लीत हा धोका विशेष ध्यानात घ्यावा लागतो. सफदरजंग येथे १ जानेवारी २०२१ रोजी किमान तापमान १.१ अंश सेल्सिअस होते. २९ मे २०२४ रोजी कमाल तापमान ४६.८ अंशांवर गेले. घरात हे अंतर कमी असते. तरी ते ३० अंश धरल्यास प्रत्येक ट्रांझिस्टरास लागणारा दाब ६० मिलिव्होल्टांनी उतरतो, आणि कोणतीही भरपाई नसेल तर एवढ्याने प्रवाह सुमारे दसपट होऊ शकतो. उत्सर्जकास जोडलेला अल्प रोधक ही वाढ आवरतो. उरलेली भरपाई बायस-दाब नियंत्रित करणारा लहान ट्रांझिस्टर करतो. म्हणून तो हीट सिंकला घट्ट बसविलेला असणे अगत्याचे आहे.

प्रवाह नियोजित करण्याची रीत अशी. ध्वनिक्षेपक काढावा व संकेत देऊ नये. उपकरण बंद असताना, धारित्रांतील भार उतरल्यावर, मल्टिमीटरच्या तारा उत्सर्जकाच्या रोधकास चिमट्यांनी जोडाव्या. प्रिसेट किमान प्रवाहाच्या बाजूस फिरवावा. प्रथम चालू करताना पुरवठ्याच्या तारेत तंतूचा १०० वॅटचा दिवा एकसरीत ठेवावा. तो उजळून मंदावला नाही, तर दोष शोधावा. तो मंदावल्यास पुरवठा बंद करून दिवा काढावा व पुन्हा चालू करून प्रिसेट सावकाश फिरवावा. ०.२२ ओहमच्या रोधकावर २२ मिलिव्होल्ट दिसल्यास प्रवाह १०० मिलिअँपिअर आहे. तथापि निर्मात्याने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. अर्ध्या तासाने उपकरण तापून आकडा स्थिरावला की पुन्हा दुरुस्ती करावी.

थंडीत केलेले नियोजन मे महिन्यात एकदा अवश्य तपासावे. तेव्हा मोजणी वर चढत राहिली, तर उपकरण तत्काळ बंद करून लहान ट्रांझिस्टराची बैठक प्रथम पाहावी. अशा वेळी केवळ प्रिसेट मागे फिरविल्याने दोषाचे कारण जात नाही.