हवेच्या हातोड्यासाठी मऊ धातूची बदलती टोके

शेतीच्या कामी यंत्रे आली, त्याबरोबर ती उघडून दुरुस्त करण्याचे कामही शेतकऱ्याच्या पदरी आले. मळणीयंत्राचा शाफ्ट, पाण्याच्या पंपाचे बेअरिंग, ट्रॅक्टरमागील अवजारांच्या जोडपिना, उसाच्या ट्रेलरचे आस, हे सर्व भाग धूळ, चिखल व पाणी ह्यांत राबतात आणि कालांतराने गंजून आपापल्या जागी घट्ट बसतात. मग साध्या हातोड्याने ते हलत नाहीत. अलीकडे तालुक्याच्या गावी टायर दुरुस्तीच्या दुकानात व काही मोठ्या शेतकऱ्यांच्या घरीही हवेचा कॉम्प्रेसर असतो. त्यास हवेचा हातोडा जोडला, की अडलेला भाग थोड्याच वेळात सुटतो. परंतु हातोड्याबरोबर मिळणारी पोलादी छिन्नी किंवा पंच लावून हे काम केल्यास सुटणारा भाग पुष्कळदा निकामी होऊनच सुटतो. शंभर रुपयांचे बेअरिंग काढताना हजारो रुपयांचा शाफ्ट बिघडविणे हा व्यवहार कोणासही परवडणारा नाही. ह्यावर जो सोपा उपाय आहे, त्याची माहिती आम्ही ह्या लेखात देत आहो.

हवेच्या हातोड्याची रचना

ह्या हातोड्याच्या नळीत एक पोलादी दट्ट्या असतो. दाबलेली हवा त्यास पुढेमागे ढकलते व प्रत्येक फेरीस तो छिन्नीच्या दांड्याच्या मागल्या तोंडावर आदळतो. हाताने मनुष्य मिनिटास वीस-तीस घाव घालील. हा हातोडा मिनिटास दोन हजारांहून अधिक ठोके सहज देतो. प्रत्येक ठोका हलका असतो, पण त्यांची मालिका अखंड असल्यामुळे गंजाची पकड सैल होते. ह्यासाठी सामान्यतः दर चौरस इंचास ९० पौंड इतका हवेचा दाब लागतो.

ही युक्ती नवी नव्हे. फ्रान्स व इटली ह्यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात मों सेनी नावाने प्रसिद्ध असलेला रेल्वेचा बोगदा १८५७ साली खोदावयास घेतला, तेव्हा अभियंते जेर्मां सोमेये ह्यांनी १८६१ पासून दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे तेथे लावली व १८७१ साली बोगदा खुला झाला. पुढे अमेरिकेतील चार्ल्स ब्रेडी किंग ह्यांनी हातात धरून वापरण्याचा हवेचा हातोडा सिद्ध केला. तो १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनात लोकांनी पाहिला. बोगद्यातून कारखान्यात व कारखान्यातून मोटार दुरुस्तीच्या दुकानात असा प्रवास करीत तो आता शेतापर्यंत आला आहे.

पोलादाने पोलाद ठोकल्यास काय होते

दोन धातू एकमेकांवर आदळले म्हणजे त्यांतील जो मऊ, तो दबतो. स्वीडनचे अभियंते योहान आउगुस्ट ब्रिनेल ह्यांनी ह्याच तत्त्वावर धातूंचा कठीणपणा मोजण्याची रीत काढली व १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली. पोलादी गोळी ठराविक भाराने धातूवर दाबावयाची व पडलेल्या खड्ड्याचा आकार मोजावयाचा, अशी ती रीत आहे. तिच्या मापाने पाहता नरम केलेल्या तांब्याचा कठीणपणा सुमारे ४० ते ५०, साध्या पोलादाचा सुमारे १२० ते १३०, आणि छिन्नीच्या पाणी दिलेल्या पोलादाचा त्याच्या कित्येक पट भरतो. पितळेचा अंक तिच्या जातीप्रमाणे व ती किती ठोकलेली आहे त्याप्रमाणे बदलतो; पण तीही पाणी दिलेल्या पोलादापेक्षा पुष्कळच मऊ असते.

आता शाफ्टच्या टोकावर पोलादी पंच लावून हजारो ठोके दिले, तर शाफ्टच दबणार हे उघड आहे. त्याचे तोंड छत्रीसारखे फुलते. ही फूल केसाएवढी असली, तरी बेअरिंगचे भोक तिच्यावरून सरकत नाही. जोर केल्यास आतून ओरखडे पडतात. म्हणजे जो भाग काढण्यासाठी ठोकले, तो ठोकल्यामुळेच अधिक अडकला! याउलट जेथे दोन्ही बाजूंस पाणी दिलेले पोलाद असते, उदाहरणार्थ बेअरिंगच्या कड्यावर पोलादी पंच, तेथे कोणीच दबत नाही. त्याऐवजी कपची उडते, आणि ती डोळ्यात गेल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते.

ह्यावरून मार्ग सुचतो. ज्याने ठोकावयाचे ते हत्यारच मऊ असावे, म्हणजे दबण्याचे व झिजण्याचे सर्व दुःख त्याने सोसावे आणि यंत्राचा भाग अभंग राहावा.

टोक बदलते का असावे

येथे कोणी म्हणेल, की मग सबंध पंचच पितळेचा का करू नये? हाताच्या हातोड्याने ठोकण्यासाठी तसे पितळी पंच मिळतात व ते उत्तमही असतात. हवेच्या हातोड्यात मात्र पंचाच्या मागल्या तोंडावर पोलादी दट्ट्या आदळत असतो. तेथे पितळ असेल तर तेच फुलेल, व फुललेला दांडा नळीत अडकून बसेल. म्हणून दांडा पोलादाचा व टोक मऊ धातूचे अशी दोन भागांची योजना करावी लागते. दांड्याच्या पुढच्या अंगास आटे पाडलेले असतात. त्यावर टोक फिरवून बसवितात आणि झिजले की दुसरे लावितात.

नांगराच्या बाबतीत शेतकऱ्यास हे तत्त्व पूर्वीच पटलेले आहे. न्यूयॉर्क प्रांतातील जेथ्रो वुड ह्यांनी १८१९ साली ज्या बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले, त्याचे झिजणारे भाग सुटे काढून तेवढेच बदलता येत असत. फाळ झिजला म्हणून सबंध नांगर कोणी मोडीत घालीत नाही. हवेच्या हातोड्याचे मऊ टोक हा त्याचा फाळच समजावा.

कोणता धातू कोठे वापरावा

तांबे : हे सर्वांत सौम्य काम करते. घासून गुळगुळीत केलेला शाफ्ट, पंपाचा आस, बारीक आट्यांजवळची जागा, अशा ठिकाणी तांब्याचे टोक लावावे. ठोकून ठोकून तांबे कठीण होत जाते, ही गोष्ट पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांस कोणी सांगावयास नको. भांडे घडविताना ते मधूनमधून भट्टीत तापवून नरम करून घेतात. आपल्या टोकासही तसेच करावे. मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविले, की ते पुन्हा नरम होते. पोलाद असे बुडविल्यास कडक होते, तांबे होत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा. तापविण्यापूर्वी टोक दांड्यापासून अवश्य सोडवावे, नाही तर दांड्याचे पाणी उतरेल.

पितळ : तांबे व जस्त ह्यांच्या ह्या मिश्रणाचा रोजच्या कामास सर्वांत अधिक उपयोग होतो. जोडपिना, शाफ्ट, चाव्या, पुलीचे तुंबे ह्यांस ते चालते. एकच टोक घ्यावयाचे असेल तर पितळेचे घ्यावे. लेथवर सहज कातले जाणाऱ्या पितळेत थोडे शिसे असते. म्हणून काम झाल्यावर हात धुतल्याखेरीज अन्नास लावू नयेत.

कासे : तांबे व कथील ह्यांचे हे मिश्रण पितळेपेक्षा बहुधा चिवट असते व अधिक दिवस टिकते. जाड पिना व ट्रेलरचे आस अशा जड कामास ते योग्य आहे. बेरिलियम घातलेली तांब्याची मिश्रधातूही बाजारात असते. तिची धूळ फुफ्फुसांस अपायकारक असल्यामुळे ती घरी कानशीने किंवा सहाणयंत्रावर घासू नये.

ॲल्युमिनियम : ॲल्युमिनियमच्या झाकणांवर व पेट्यांवर हलके ठोकावयाचे असल्यास हे ठीक. जड कामात त्याचे तुकडे पडतात व त्याचा लेप भागावर बसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मऊ टोकाने पृष्ठभाग वाचतो. ठिसूळ भाग मोडावयाचा वाचत नाही. पंपाच्या बिडाच्या पेटीचा कान किंवा पुलीचा आरा ह्यांवर ठोके दिल्यास टोक कशाचेही असो, तो तडकेल.

काम करण्याची रीत

प्रथम माती व गंज तारेच्या ब्रशाने काढून सांध्यात पातळ तेल सोडावे व शक्य तर रात्रभर मुरू द्यावे. पिन निमुळती आहे की सरळ, हे पाहावे. निमुळती पिन बारीक तोंडाकडूनच ठोकावयाची असते. उलट बाजूने ठोकल्यास प्रत्येक ठोक्यागणिक ती अधिक रुतेल. शाफ्टच्या टोकास आटे असतील तर त्यावर जुनी नट टोकाशी समपातळीत चढवून ठेवावी.

टोकाचा व्यास पिनेपेक्षा किंचित कमी असावा, म्हणजे ते भोकात शिरताना कडांस लागत नाही. टोक कामावर सरळ व घट्ट दाबून धरावे आणि मगच घोडा दाबावा. हवेत मोकळा सोडून हातोडा कधीही चालवू नये. टोक व दांडा गोळीसारखे सुटण्याचा संभव असतो. दोन-तीन सेकंद ठोकून थांबावे, भाग हलला का ते पाहावे. अर्धा मिनिट ठोकूनही हलत नसेल तर कोठे तरी अडकण, स्क्रू किंवा कडी राहिली आहे असे समजून पुन्हा तपासावे.

बेअरिंगविषयी विशेष काळजी हवी. जे पुन्हा वापरावयाचे, त्यास हवेचा हातोडा लावूच नये. ठोका गोळ्यांमधून एका कड्यातून दुसऱ्या कड्यात गेला, की धावेवर बारीक खळगे पडतात व ते बेअरिंग लवकरच आवाज करू लागते. त्यासाठी ओढयंत्र किंवा दाबयंत्र वापरावे. नवे बेअरिंगही ठोकून बसवू नये. उघड्या जातीचे असेल तर स्वच्छ तेलात १०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापवून शाफ्टवर सरकवावे. टाकून द्यावयाच्या जुन्या बेअरिंगास मात्र मऊ टोक लावण्यास हरकत नाही. त्यात शाफ्ट वाचतो, हाच लाभ.

टोके करविणे व सांभाळणे

पोलादी दांडा तयार विकत घ्यावा. घेताना आपल्या हातोड्याचे तोंड मोजून घ्यावे. सामान्य हातोड्यास ०.४०१ इंच, म्हणजे सुमारे १०.२ मिलिमीटर व्यासाचा, तर काही जड हातोड्यांस ०.४९८ इंचाचा दांडा लागतो. टोके मात्र तालुक्याच्या लेथवाल्याकडून पितळेच्या सळईची करून घेता येतात. दांड्याचे आटे त्यास दाखवून जुळते आटे पाडावयास सांगावे. टोकाचा खांदा दांड्याच्या खांद्यावर सर्व बाजूंनी सपाट टेकला पाहिजे. ठोका खांद्यातून जावा, आट्यांतून जाऊ नये. खांद्यात फट राहिल्यास आटे थोड्याच कामात तुटतात.

ठोक्यांनी टोक सैल होत जाते, म्हणून दर थोड्या वेळाने हवा बंद करून, नळीतील दाब सोडून, ते पान्याने आवळावे. तोंड फुलले की कडा कानशीने उतरवाव्या. आखूड झाले की मोडीत टाकावे. पितळेची व तांब्याची मोड वजनावर विकली जाते, तेव्हा झिजलेले टोकही सर्वस्वी वाया जात नाही. काम सुरू करण्यापूर्वी हातोड्याच्या हवेच्या तोंडात तेलाचे दोन-तीन थेंब सोडावे व कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी काढावे; पावसाळ्यात तर हे रोज करावे.

डोळ्यांस संरक्षक चष्मा व कानांत बोळे ह्यांवाचून हे काम करू नये. हातांचीही काळजी घ्यावी. अमेरिकेच्या इंडियाना प्रांतातील बेडफर्ड येथे हवेच्या हातोड्याने चुनखडी दगड घडविणाऱ्या कामगारांची डॉ. ॲलिस हॅमिल्टन ह्यांनी १९१८ साली पाहणी केली, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरी व बधिर पडत असल्याचे त्यांस आढळले. शेतकऱ्यास हे काम रोज करावयाचे नसते. तरी बोटांस मुंग्या आल्यास थांबावे.

शेवटी खर्चाविषयी. एका कुटुंबास कॉम्प्रेसर व हातोडा वर्षातून चार-सहा वेळाच लागेल. म्हणून एका गावच्या पाच-दहा सभासदांनी मिळून एक हातोडा, एक दांडा, पितळेची तीन व तांब्याचे एक टोक इतका संच ठेवावा आणि तो सांभाळण्याचे काम एका जाणत्या मनुष्याकडे द्यावे, असे आम्हांस वाटते. वाफसा आला असता पेरणीयंत्राची पिन अडली, तर ती पिन किती लवकर निघाली ह्याइतकेच ती निघाल्यावर यंत्र त्याच दिवशी पुन्हा शेतात उभे राहिले की नाही, ह्यास महत्त्व आहे. मूठभर पितळेने हे साधत असेल, तर ते मूठभर पितळ पेरणीपूर्वीच घरी आणून ठेवावे.