पेटी नवी, जागा जुनी

आमचं घर जुनं, दगडमातीचं आहे. भिंती दोन-दोन फूट जाड. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मग स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे एक खोली. त्या खोलीत आमची पुतणी अभ्यास करते. ती बारावीला आहे.

आमच्या घरी इंटरनेट आहे. ते तारेने राऊटरपर्यंत येते. राऊटर म्हणजे एक लहान पेटी. ही पेटी बिनतारी लहरींनी इंटरनेट घरभर वाटते. यालाच वाय-फाय म्हणतात. पण ते मागच्या खोलीत पोचत नसे. पोरगी रात्री ओसरीवर बसून मोबाइलवर धडे ऐकायची. थंडीत कुडकुडायची.

म्हणून आम्ही सोयाबीनच्या पैशांतून नवी, भारी पेटी आणली. जुन्याच जागी, ओसरीवरच्या लोखंडी कपाटामागे ठेवली. पण मागच्या खोलीत तीच रड! दादा रागावले. म्हणाले, "पैसे पाण्यात गेले. परत करा ती पेटी." पोरगी काही बोलली नाही. वही घेऊन पुन्हा ओसरीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तार जोडणारा मुलगा आला. त्याने पेटी पाहिली. म्हणाला, "काका, कंदील कपाटामागे ठेवला, तर उजेड कुठे पडेल?"

आम्हांला हसू आले. पण चूक कळली.

वाय-फायच्या लहरी उजेडासारख्याच चहूकडे पसरतात. जाड भिंतीत त्यांचा जोर कमी होतो. लोखंड आणि पत्रा त्यांना माघारी फिरवतो. पाण्याची टाकी त्यांना शोषून घेते.

नव्या पेटीतून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. एक २.४ गिगाहर्ट्झची. ती लांब जाते, पण तिचा वेग कमी. दुसरी ५ गिगाहर्ट्झची. तिचा वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे ती लवकर थकते. पेटी नवी आली, तरी भिंत जुनीच राहते!

मग आम्ही काय केले?

१. तार लांब करून घेतली. पेटी माजघरात, उंच फळीवर उघडी ठेवली.

२. कपाट आणि पाण्याची टाकी यांपासून ती दूर ठेवली.

३. मोबाइल हाती घेऊन घरभर फिरलो. कुठे जोर आहे, कुठे नाही, ते पाहिले.

मागच्या खोलीत आता निरोप येऊ लागले. पण धडा मध्येच अडायचा. मग त्या मुलाने माजघरातून मागच्या खोलीपर्यंत एक तार ओढली. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. तिच्या टोकाला आमची जुनीच पेटी लावली. आधी तिची मांडणी बदलली. ती न बदलता जोडली, तर दोन पेट्यांचा घोटाळा होतो. खर्च आला तो फक्त तारेचा आणि मजुरीचा.

त्या रात्री दादा पाणी प्यायला उठले. ओसरी रिकामी होती. मागच्या खोलीत दिवा होता, धडा चालू होता. दादांनी हळूच दार लोटून घेतले.

तेव्हा मंडळी, नवी वस्तू घेण्याआधी जुनीची जागा बदलून पाहा. पैसे वाचतील.

सांगा पाहू :
१. पेटी कपाटामागे का ठेवू नये?
२. कोणती लहर लांब जाते?
३. तुमच्या घरात पेटी कुठे ठेवाल?