फुकटचा हत्ती

होस्टेलवर बुद्धिबळ खेळताना समोरच्याने हत्ती फुकट दिला तर आपण काय करतो? लगेच खातो! जगातला एक टॉपचा खेळाडू असाच हत्ती खाऊन हरला. तो डाव आज पाहू.

२० जानेवारी १९९९, नेदरलँड्समधलं विक आन झे. पांढरी मोहरी गॅरी कास्पारोव्हची (रेटिंग २८१२), काळी बल्गेरियाच्या वेसेलिन टोपालोव्हची (२७००). २४व्या चालीआधीची स्थिती पटावर मांडा.

पांढरा: राजा बी१, वजीर एफ४, हत्ती डी१ व ई१, उंट एच३, घोडा ए५, प्यादी ए३, बी२, सी२, डी५, एफ३, जी३, एच२.

काळा: राजा ए७, वजीर डी६, हत्ती डी८ व एच८, उंट ए८, घोडा एफ६, प्यादी ए६, बी५, सी५, डी४, एफ७, जी६, एच७.

कास्पारोव्हने हत्तीने डी४चं प्यादं मारलं. टोपालोव्हने सी५च्या प्याद्याने तो हत्ती खाल्ला, आणि इथेच गडबड झाली. सी५चं प्यादं म्हणजे राजाच्या दाराचं कुलूप होतं. ते हललं आणि डी४ ते ए७ ही तिरकी रेषा उघडी पडली.

२५व्या चालीला दुसरा हत्ती ई७वर, शह! वजिराने तो खाल्ला तर पांढरा वजीर डी४चं प्यादं मारून शह देतो आणि चार चालींत मात होते. म्हणून राजा बी६वर आला. वजिराने डी४वर शह दिला, राजाने ए५चा घोडा खाल्ला. आता टोपालोव्हकडे दोन प्याद्यांच्या बदल्यात एक हत्ती आणि एक घोडा जास्त! पण राजा उघड्यावर. शह खात खात तो थेट डी१वर, म्हणजे पांढऱ्याच्या घरात पोचला. ४४व्या चालीनंतर टोपालोव्हने डाव सोडला.

मग करायला काय हवं होतं? हत्तीला हातच न लावता राजा बी६वर! सातवी ओळ सुटली, म्हणजे ई७चा शह संपला. शिवाय ए५च्या घोड्यावर हल्ला. घोडा बी३वर परततो, काळा उंट डी५चं प्यादं मारतो, वजिरांची अदलाबदल होते आणि डाव समान राहतो.

थोडक्यात, काहीही खाण्याआधी एकच प्रश्न विचारा: खाणारं मोहरं आत्ता जिथे आहे, तिथे ते काय अडवून उभं आहे?

स्पर्धेत कास्पारोव्ह १० गुणांनी पहिला आला, आपला आनंद साडेनऊ गुणांनी दुसरा. हा डाव बरोबरीत सुटला असता, तर? हिशेब तुम्हीच करा!